डोंगरी नद्या, धाडस आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)





बक्षीस समारंभात पाहुण्याने अभ्यासावर बोलावे असा रिवाज आहे. मीही अभ्यासावरच बोलणार आहे. मात्र त्यासाठी आपल्याला थोडा वेळ वर्गाबाहेर, डोंगरातून धावणाऱ्या नद्यांवर जावे लागेल. या नद्यांच्या खळाळत्या पाण्यातून होडीने किंवा फुगवलेल्या रबरी तराफ्याने वाट काढीत जाण्याला हल्ली राफ्टिंग म्हणतात. आपल्या मुलांना त्याची ओढ वाटते आणि पालकांना त्याची धास्ती वाटते. मुले म्हणतात, "जाऊ द्या ना!" आई-वडील म्हणतात, "पाण्याजवळ फिरकायचे नाही!" या वादात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे चुकते, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आज मी उभा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हवा भरलेल्या वस्तूवर बसून नदी पार करणे ही कुणा परक्याने काल काढलेली कल्पना नाही. १५३९ साली चौसा येथे शेरखानाकडून पराभव झाल्यावर बादशहा हुमायून गंगेच्या पाण्यात सापडला, तेव्हा निजाम नावाच्या एका भिश्त्याने आपली फुगवलेली मशक देऊन त्याला पैलतीरी नेले. या उपकाराची फेड म्हणून हुमायूनने त्या भिश्त्याला काही काळ तख्तावर बसविले, ही हकिकत आपण शाळेत वाचली आहे. इराकमध्ये तैग्रिस नदीवर तर शेकडो वर्षे बकऱ्याची फुगवलेली कातडी खाली बांधून वर लाकडे टाकलेले तराफे चालत. त्यांना केलेक म्हणत. मोसुलहून माल भरून प्रवाहाबरोबर बगदादला यायचे, तेथे माल आणि लाकडे विकायची, कातड्यांतील हवा सोडायची आणि त्या गाढवांवर लादून खुष्कीच्या मार्गाने परत जायचे, असा हा हिशेबी व्यवहार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेले रबरी तराफे लोकांनी नद्यांवर नेले आणि आजचे राफ्टिंग फोफावले. आजचा रबरी तराफा त्या मशकीच्याच कुळातला आहे.

आता मी तुम्हाला एका शिक्षकाची हकिकत सांगतो. त्याचे नाव जॉन वेस्ली पॉवेल. हा अमेरिकेतील इलिनॉय राज्यात भूगर्भशास्त्र शिकवीत असे. १८६२ साली तेथील यादवी युद्धात, शिलोच्या लढाईत, त्याच्या उजव्या हाताला गोळी लागली आणि तो हात कोपराखाली कापावा लागला. त्या काळी अमेरिकेच्या नकाशावर कोलोरॅडो नदीच्या खोऱ्याचा मोठा भाग कोराच होता. नदी प्रचंड दऱ्यांमधून वाहते एवढे ठाऊक होते; आत काय आहे ते कुणी मोजलेले नव्हते. या एक हाताच्या मास्तराने ते मोजण्याचे ठरविले.

२४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर या रेल्वे स्टेशनाजवळून दहा माणसे चार लाकडी होड्यांतून निघाली. बरोबर दहा महिने पुरेल इतका शिधा होता, आणि त्याच्याइतकीच जपायची वस्तू म्हणजे मोजमापाची साधने. त्यात बॅरोमीटर होते. डोंगरकड्याची उंची हवेच्या दाबावरून काढायची, तर बॅरोमीटर हवाच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक होडी खडकावर आदळून फुटली. माणसे कशीबशी वाचली, पण शिध्याचा मोठा भाग गेला, आणि दुर्दैव असे की सगळे बॅरोमीटर त्याच होडीत होते. दुसऱ्या दिवशी होडीचा फुटका भाग खाली एका खडकाला अडकलेला दिसला. दोघेजण तेथवर गेले आणि बॅरोमीटर सुखरूप घेऊन आले. विद्यार्थ्यांनो, हे नीट लक्षात ठेवा. भाकरी वाहून गेली त्या दिवशी पॉवेलला मोजण्याच्या साधनांची चिंता होती, कारण ती गेली असती तर मोहीम नुसती भटकंती झाली असती.

पॉवेल जमेल तेथे कडे चढून जात असे. एकदा तो अशा जागी अडकला की एकाच हाताने खडकाला धरून लटकत राहिला. ना वर जाता येई, ना खाली. वर पोहोचलेल्या ब्रॅडली नावाच्या सोबत्यापाशी दोरी नव्हती. त्याने काय केले? आपला आतला लांब पायजमा काढून खाली सोडला! पॉवेलने खडक सोडून तो पकडला आणि वर आला. तुम्ही हसलात, हसण्यासारखेच आहे. पण प्रसंगावधान म्हणतात ते हेच, आणि संकटात सोबत कोण आहे याला किती महत्त्व असते तेही यातून कळते.

ऑगस्टच्या मध्याला ही मंडळी ग्रँड कॅनियन या महादरीत शिरली. पीठाला बुरशी आली होती, ते चाळून चाळून खात होते. जेथे पाणी फारच भयंकर दिसे तेथे होड्या दोराने काठाकाठाने सोडीत, किंवा सामान उतरवून, होड्या उचलून खडकांवरून वाहून नेत. कधी कधी दिवसभर राबून कोसभरही वाट सरत नसे. २८ ऑगस्टला एका खळाळापाशी मतभेद झाला. ऑरमेल आणि सेनेका हाउलंड हे दोघे भाऊ आणि विल्यम डन यांना वाटले, या पाण्यात जाणे म्हणजे मरण. ते दरी चढून पायी निघाले. उरलेले सहाजण दोन होड्यांतून त्या खळाळातून पार झाले आणि ३० ऑगस्टला व्हर्जिन नदीच्या संगमावर, माणसांच्या वस्तीत पोहोचले. वर गेलेले तिघे परत आले नाहीत. पठारावर त्यांची हत्या झाली. ती कुणी केली याबद्दल इतिहासकारांत आजही वाद आहे.

त्या तिघांना कुणी भित्रे म्हणू नये. समोरचे पाणी पाहून त्यांनी आपल्या बुद्धीने निर्णय घेतला होता, आणि पाण्यापेक्षा पठार घातक ठरले हे त्यांच्या हातात नव्हते. पॉवेलने १८७१-७२ साली पुन्हा मोहीम काढून त्या प्रदेशाचा नकाशा तयार केला. पुढे तो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा प्रमुख झाला. एका हाताच्या मास्तराला नदीने नाव दिले ते त्याने नदी मोजली म्हणून.

या नदीची दुसरी हकिकत माझ्या मुलींसाठी आहे, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पालकांसाठी आहे.

१९३८ साली मिशिगन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एल्झाडा क्लोव्हर आणि त्यांची विद्यार्थिनी लुइस जॉटर यांनी ठरविले की कोलोरॅडोच्या दरीतील वनस्पतींची पद्धतशीर नोंद करायची. क्लोव्हर बाई चाळिशीच्या, जॉटर चोवीस वर्षांची. त्यापूर्वी त्या महादरीतून होडीने पूर्ण प्रवास करून एकही स्त्री जिवंत बाहेर आल्याची नोंद नव्हती. १९२८ साली बेसी हाइड नावाची तरुणी आपल्या नवऱ्याबरोबर निघाली होती. त्यांची होडी सापडली, ती दोघे सापडली नाहीत. त्यामुळे लोक म्हणू लागले, ही जागा बायकांची नव्हे. वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले, आणि त्यांत वनस्पतींपेक्षा "दोन बायका नदीवर" याचीच चर्चा जास्त होती.

नॉर्मन नेव्हिल्स या अनुभवी नावाड्याच्या नेतृत्वाखाली २० जून १९३८ रोजी तीन होड्या निघाल्या. दिवसभर नदीवर झुंजायचे, मुक्कामाला पोहोचल्यावर या दोघींनी स्वयंपाकही करायचा, आणि सगळे झोपी गेल्यावर दिवसभरात तोडलेल्या फांद्या आणि फुले कागदांत दाबून ठेवायच्या! कुठे काय उगवते, पाण्यापासून किती अंतरावर उगवते, हे त्यांनी लिहून ठेवले. १ ऑगस्टला प्रवास संपला. १९४१ आणि १९४४ साली त्यांचे अभ्यास छापून आले. पुढे १९६३ मध्ये त्या नदीवरील ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले, नदीचे पूर थांबले, पाणी थंड झाले, काठची झाडी बदलली. धरणापूर्वी तेथे काय होते, हे सांगणाऱ्या महत्त्वाच्या नोंदी कोणत्या? तर या दोन बायकांच्या. १९९४ साली शास्त्रज्ञांनी नदीतील बदल समजून घेण्यासाठी जुन्या प्रवाशांना पुन्हा नदीवर नेले, तेव्हा त्यांत ऐंशी वर्षांच्या जॉटर बाई होत्या.

पालकहो, आपल्या मुली बी.एस्सी. होतात, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र घेतात, पहिल्या वर्गात येतात. पण महाविद्यालयाची अभ्याससहल निघाली की चिठ्ठी येते, "घरून परवानगी नाही." काळजी मी समजू शकतो. सोबत कोण बाई आहेत, मुक्काम कोठे आहे, नमाजाची आणि राहण्याची सोय काय, हे खुशाल विचारा; विचारलेच पाहिजे. परंतु विचारल्यावर समाधानकारक उत्तर मिळाले तर तिला जाऊ द्या. वनस्पतिशास्त्र शिकायचे आणि झाड पुस्तकातच पाहायचे, हे शिक्षण अर्धे आहे.

आता तिसरी नदी, आणि ही आपल्या देशात येणारी आहे. पश्चिम तिबेटातून पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो ७,७८२ मीटर उंचीच्या नामचा बारवा पर्वताला वळसा घालून अचानक दक्षिणेला वळते, जगातल्या अत्यंत खोल दऱ्यांपैकी एका दरीतून कोसळते, अरुणाचलात सियांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्रा. एक काळ असा होता की त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा एकच की वेगळ्या, हे सर्वेक्षण खात्याला सिद्ध करता येत नव्हते. १८८० मध्ये खात्याच्या कामासाठी सिक्कीमचा किंथुप नावाचा एक निरक्षर माणूस तिबेटात गेला. ज्या लामाबरोबर तो गेला त्याने त्यालाच गुलाम म्हणून विकून टाकले. तेथून सुटून, एका मठाच्या आश्रयाला राहून, त्याने पाचशे ओंडके तयार केले, त्यांवर खुणा केल्या, आणि खाली कळविण्यासाठी निरोप पाठवून रोज पन्नास याप्रमाणे दहा दिवस ते नदीत सोडले. खाली आसामात कुणीतरी पाहत असेल, या भरवशावर. पण निरोप वेळेवर पोहोचलाच नाही. ओंडके कुणी न पाहताच वाहून गेले. चार वर्षांनी तो परतला. त्या दरीतून पहिला प्रवास झाला तो माणसाविना, एका निरक्षर माणसाच्या शब्दाला जागणाऱ्या इमानाचा.

त्याच दरीत १९९८ साली चार अमेरिकन आपल्या कयाकांतून उतरले. कयाक म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी. चौघेही आपल्या विद्येत निष्णात. पण त्या वर्षी पावसाळा जबरदस्त झाला होता आणि ऑक्टोबरातही नदी फुगलेलीच होती. १६ ऑक्टोबर रोजी त्यांच्यातील डग गॉर्डन नावाचा रसायनशास्त्रज्ञ एका धबधब्यावरून उतरताना मुख्य प्रवाहात ओढला गेला तो पुन्हा दिसला नाही. उरलेल्यांनी मोहीम तेथेच थांबविली. त्यानंतर २००२ साली स्कॉट लिंडग्रेनच्या नेतृत्वाखाली सातजण गेले. त्यांनी ऋतू निवडला हिवाळ्याचा, जेव्हा नदीला पाणी सर्वांत कमी असते. वरची दरी त्यांनी पार केली. पण पुढे धबधबे असे की त्यांतून कुणी जाऊच शकत नाही, तेव्हा त्यांनी होड्या पाठीवर घेतल्या आणि बर्फाळ खिंड चढून दरीला वळसा घातला.

जगातले उत्तम नाविक होडी डोक्यावर घेऊन डोंगर चढतात, हे दृश्य आपल्या तरुणांनी डोळ्यांसमोर आणावे. पाण्यात उतरायचे की नाही हे मित्रांच्या टाळ्यांवर ठरवायचे नसते. कोणता खळाळ ओलांडायचा आणि कोणत्याला सलाम करून वळसा घालायचा, हे ज्याला कळते त्याला नदी कळली. आपल्याकडे तवक्कुलची जी शिकवण आहे ती हीच. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला, आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितले गेल्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. नदीकाठी उंट बांधणे म्हणजे काय, ते आता थोडक्यात सांगतो.

एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन असते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर वाहते पाणीही धडधाकट माणसाला पाडते. पाडले तर वेगात उभे राहण्याची धडपड करू नका. खडकांच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला पुढे वाकवते आणि बुडवते. पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा आणि हातांनी काठाकडे सरका. आडव्या पडलेल्या झाडापासून दूर राहा, कारण फांद्यांतून पाणी जाते, माणूस अडकतो. आणि सर्वांत फसवी जागा म्हणजे आपल्या गावोगावचे छोटे बंधारे. वरून पाणी गुळगुळीत पडताना दिसते, पण पायथ्याशी ते उलटे फिरून पडलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. तेथे पट्टीचा पोहणाराही थकतो. त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघेही जातात. उडी मारू नका. दोर फेका, बांबू पुढे करा, ओढणी फेका, रिकामा बंद कॅन फेका.

नद्यांच्या खळाळांचे एक ते सहा असे वर्ग केलेले आहेत. पहिला म्हणजे सौम्य वाहते पाणी, सहावा म्हणजे जेथे निष्णातांचाही जीव टांगणीला लागतो. महाराष्ट्रात आपल्या रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते; तेथील खळाळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातले आहेत. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथील वीजकेंद्रात येते, वीज तयार होते आणि ते पाणी नदीत सुटते. म्हणून राफ्टिंगची वेळ वीजकेंद्राच्या पाण्यावर ठरते. याचा दुसरा अर्थ असा की कोरड्या दिसणाऱ्या पात्रात पाणी अचानक वाढू शकते. तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने अंगाला घट्ट बसणारे जीवरक्षक जॅकेट आणि डोक्याला हेल्मेट घातलेच पाहिजे आणि नावेच्या म्होरक्याचा शब्द पाळलाच पाहिजे. जेथे जॅकेटला पट्टे नाहीत, किंवा "काही होत नाही हो" असे सांगितले जाते, तेथून पैसे सोडून परत यावे.

मित्रहो, आपण कोकणातली माणसे. आपले वाडवडील खलाशी होते, टंडेल होते, सारंग होते. आजही कित्येक घरांतले वडील जहाजावर आहेत. पाणी हा आपला परका नाही. तरीसुद्धा दर पावसाळ्यात धबधब्यावर, खाडीत, बंधाऱ्यात बुडालेल्या तरुणांच्या बातम्या आपण वाचतो. तेथे नुसत्या बंदीने काम होत नाही. ज्याला घरातून "जाऊ नको" एवढेच सांगितले तो न सांगता जातो. आणि न सांगता जाणाऱ्याजवळ ना दोर असतो, ना जाणकार माणूस. मुलांना पोहायला शिकवावे, ही हजरत उमर यांच्या नावाने सांगितली जाणारी शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. ती घरी कधी आणणार?

म्हणून संस्थेच्या चालकांना मी तीन नम्र विनंत्या करतो. पहिली, आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला पोहता आले पाहिजे. मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकविणारी बाई ठेवावी, म्हणजे कुणाला हरकत उरणार नाही. दुसरी, बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर श्वास कसा द्यावा आणि छाती कशी दाबावी, हे वरच्या वर्गांना डॉक्टरांकडून शिकवावे. तिसरी, भूगोलाच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर मुलांना गावच्या नदीवर न्यावे, तिची रुंदी, खोली आणि वेग मोजायला लावावे आणि बंधाऱ्याच्या पायथ्याचे पाणी काठावरून दाखवावे. बाटली टाकली तर ती किती वेळ तेथेच फिरते ते मुले स्वतः पाहतील, आणि मग त्यांना "उतरू नको" असे ओरडून सांगावे लागणार नाही.

खर्च फार नाही. इच्छा हवी. आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे मनापासून अभिनंदन, आणि ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी खट्टू होऊ नये. पॉवेलच्या दहा माणसांतही कुणी पहिल्या नंबराचा नावाडी नव्हता. अल्लाह आपल्या सर्व मुला-मुलींना इल्म देवो, हिंमत देवो, आणि कधी थांबावे याची समजही देवो.